आत्याच्या घरी कोणी यावे

माझा व्यवसाय नातेवाइकांना समजावून सांगताना मी हल्ली एकच उदाहरण देते. मोबाइलच्या पडद्यावर टोपलीचे एक छोटे चित्र असते. ते दाबले की खरेदी पूर्ण होते. डोळस माणसाला ते चित्र पुरेसे असते. दृष्टिहीन माणसाचा फोन त्याला पडद्यावरच्या गोष्टी वाचून दाखवतो. पण बनवणाऱ्याने त्या चित्राला नावच दिले नसेल, तर फोन नुसते ‘बटण’ म्हणतो आणि गप्प बसतो. कशाचे बटण, दाबले तर काय होईल, हे फोनलाही माहीत नसते. अशी निनावी बटणे शोधायची आणि ती बनवणाऱ्यांकडून त्यांना नावे द्यायला लावायची, हे माझे काम.

ऐकणारे बहुधा म्हणतात, “वा, पुण्याचं काम करतेस.” मला ते आवडत नाही. मी पदार्थविज्ञान शिकले आहे. पुलाचा भार तपासणाऱ्या अभियंत्याला कोणी पुण्यवान म्हणत नाही. नाशिकमधल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी या कामाचा स्वतंत्र विभाग उभा करत होते. त्या विभागाचे प्रमुखपद मला हवे होते आणि ते मिळण्याची चिन्हेही होती. हे सांगण्याचे कारण इतकेच, की पुढे जे घडले ते माझ्या विषयाच्या बाहेरचे नव्हते. बाहेरचे असते, तर मी ते एव्हाना विसरले असते.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, निवृत्त गणितशिक्षिका. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली. निवृत्तीनंतर काही वर्षांत उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळू लागला. आत्याचे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते. ते गेल्यावर आता ती आमच्याकडे कॉलेज रोडला राहायला येणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले. तिने धरले नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्याच फ्लॅटमध्ये राहण्याचा तिचा हट्ट वडिलांनी अखेर मान्य केला, पण एका अटीवर. सगळे नीट चालले आहे तोवरच. कुठे काही अडले, तर वाद न घालता तिने आमच्याकडे यायचे.

“म्हणजे मी कायमची परीक्षेला बसले म्हण,” आत्या म्हणाली होती.

“ताई, तुला परीक्षा आवडतात,” वडील म्हणाले.

“मला घ्यायला आवडतात.”

फोन मी तिला शिकवला. पडद्यावर बोट फिरवायचे, फोन बोलेल ते ऐकायचे, हवी ती गोष्ट सापडली की दोनदा टकटक करायची. थोड्याच महिन्यांत तिने त्या आवाजाचा वेग इतका वाढवला, की मला तो नुसता किलबिलाट वाटे. औषधे, वीजबिल, गॅसचा सिलिंडर हे सगळे ती फोनवरच करू लागली. स्वयंपाकाला एक बाई येत. आणि महिन्यातून एक-दोनदा, बहुधा गुरुवारी, येवल्याहून सर येत.

सर म्हणजे तिचे जुने सहकारी, विज्ञानाचे शिक्षक. घराणे पैठणी विणणाऱ्यांचे. भाऊ आणि पुतणे अजून मागावर बसतात. हे एकटेच शाळेत रमले आणि निवृत्त झाल्यावर येवल्याला परतले. नाशिकला डॉक्टरांकडे आले की ठक्कर बाजारच्या बसस्थानकावर उतरून, दवाखाना आटोपून, रिक्षाने आत्याकडे येत. दोघांचा कार्यक्रम ठरलेला. सर भूमितीचे एखादे कोडे आणत आणि त्याची आकृती तोंडी सांगत. आत्या ती मनात काढी आणि सोडवी. मी एकदा तिथे होते तेव्हाचा संवाद मला आठवतो.

“सर, तुमचा त्रिकोण उताणा पडलाय.”

“बाई, तो तुमच्या डोक्यात पडलाय. माझा कागदावर सरळ उभा आहे.”

“मग पाया कुठंय, ते आधी सांगायला नको? तुम्ही शिखरापासून सुरुवात केलीत. नेहमीचंच तुमचं.”

“बरं बाई, पुन्हा बांधतो. पायापासून.”

आणि त्यांनी खरोखरच पायापासून बांधला. आधी रेघ, मग तिची टोके, मग टोकांतून निघणारे कोन. ऐकणाऱ्याच्या मनात आकृती कोणत्या क्रमाने उभी राहील याचा विचार करून बोलणारी माणसे विरळा असतात. त्या दिवशी चहा गार झाला. आत्या हरली आणि हरल्याचे तिने मान्य केले नाही.

मग सोसायटीने फाटकासाठी ॲप घेतले.

आता नाशिकच्या बहुतेक नव्या सोसायट्यांत ही पद्धत आहे. पाहुणा आला की वॉचमन त्याचे नाव आणि छायाचित्र आपल्या मोबाइलवर चढवतो. ज्या घरी जायचे असेल त्या घरचा फोन खणखणू लागतो. हिरवे बटण दाबले तर पाहुणा आत, लाल दाबले तर परत. थोड्या वेळात काहीच दाबले नाही तर तो फाटकावरच ताटकळतो. पूर्वी वॉचमन इंटरकॉमवर ‘काकू, अमुक आलेत’ म्हणत असे. तो इंटरकॉम काढून टाकला होता.

दोन्ही बटणांना नावे नव्हती. आत्याचा फोन एकाला ‘बटण’ म्हणे आणि दुसऱ्यालाही ‘बटण’. शिवाय घंटा इतकी कर्कश, की फोनचा बोलण्याचा आवाज तिच्याखाली दबून जाई. आत्याने मला सांगितले नाही. तिने स्वतःच एकदा अंदाजाने पहिले बटण दाबून पाहिले, पाहुणा वर आला, आणि पहिले म्हणजे ‘येऊ द्या’ हे तिने पाठ करून टाकले. प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष. तिच्या जागी मीही तेच केले असते.

काही आठवड्यांनी ॲप अद्ययावत झाले आणि बटणांच्या जागा बदलल्या. बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा क्षुल्लक बदल. हिरवे अंगठ्याला जवळ असावे, एवढाच विचार. आत्या मात्र पाठ केलेले पहिलेच बटण दाबत राहिली. स्वयंपाकाच्या बाई सलग काही दिवस आल्या आणि फाटकावरूनच परत गेल्या. घंटा कोणासाठी वाजते ते आत्याला ऐकूच येत नव्हते; तिला वाटले, बाईंनी न सांगता काम सोडले. फोन करून विचारणे तिच्या अभिमानात बसत नव्हते. घरातले पोहे आणि शेंगदाणे यांवर ती राहिली.

शेवटी बाईच भाजीबाजारात माझ्या आईला भेटल्या. पेठ तालुक्याकडच्या या बाई, नाशिकला येऊन बरीच वर्षे झालेली.

“काकूंनी मला सरळ सांगायचं होतं,” त्या आईला म्हणाल्या. “रोज जाते तर रोज लाल. वॉचमन मोबाइल दाखवून हसतोय. लय वाईट वाटलं मला. चूक काय ते तरी सांगा.”

आईने घरी सांगितले. वडिलांनी जेवता जेवता घास खाली ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे ती उपाशी होती.”

“पोहे खात होती,” मी म्हणाले.

“तेच म्हणतोय मी.”

दुसऱ्याच दिवशी ते सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. मीही सोबत होते. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सौजन्यशील गृहस्थ. त्यांना मनापासून वाईट वाटले. मी विचारले, एका घरापुरता वॉचमनने साधा फोन केला तर काय बिघडेल?

“एजन्सी दर थोड्या दिवसांनी माणूस बदलते, मॅडम. कोणत्या घरी फोन करायचा, कोणत्या घरी ॲप, हे नवीन माणसाच्या लक्षात राहत नाही. मागे एका घरी भलताच शिरला होता, तेव्हापासून कमिटी ऐकत नाही.” मग त्यांनी वडिलांकडे वळून तोडगा सुचवला. “त्यापेक्षा काकूंच्या जागी तुमचाच नंबर टाकू. तुम्ही कुठंही असा, हिरवं दाबलं की झालं. काकूंना काही त्रास नाही.”

तोडगा सगळ्यांना पटला. आत्यालाही, कारण तो तात्पुरता होता. ॲप दुरुस्त होईपर्यंतचा. दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. बटणांना नावे देणे हे एखाद्या जाणत्या माणसाचे अर्ध्या दुपारचे काम असते. मी ॲपच्या कंपनीला सविस्तर कळवले. काय घडते, का घडते, कुठे काय बदलावे, बदलल्यावर कसे तपासावे. उत्तर आले, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. कृपया अडचणीचा स्क्रीनशॉट पाठवा.’

जे पडद्यावर व्यवस्थित दिसते आणि फक्त ऐकू येत नाही, त्याचे ते छायाचित्र मागत होते. मी ध्वनिमुद्रण पाठवले. पुन्हा तेच उत्तर आले. मग व्यावसायिक ओळखींतून मी त्या कंपनीतल्या एका व्यक्तीपर्यंत पोचले. ती सौजन्याने म्हणाली, मुद्दा योग्य आहे, यादीत घेतला आहे. मी स्वतः अशा याद्या सांभाळते. यादीत घेणे म्हणजे काय असते, ते मला ठाऊक होते.

दरम्यान आत्याच्या घरी कोणी यायचे, ते वडिलांच्या फोनवर ठरू लागले. बाई, दूध, औषधे, गॅस. वडील ऑफिसच्या बैठकीतही हिरवे दाबत. मी गेले तरी माझे नाव त्यांच्याकडे जाई आणि ते मला आत सोडत. आम्ही त्यावर हसलो होतो.

मग एका गुरुवारी संध्याकाळी आत्याचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा सावकाश.

“सर आले होते. फाटकावर थांबले बराच वेळ. मग येवल्याच्या बसला गेले. मला बसमधून फोन केला त्यांनी. तुझ्या बाबांना जरा विचार, फोन बघितला नव्हता का.”

मी विचारले. वडिलांनी टाळाटाळ केली नाही.

“बघितला. मी नाही म्हटलं.”

“का?”

“तिथं ती एकटी राहते. कोण येतं, किती वेळ बसतं, हे लोक बघतात. आणि मला येऊन विचारतात.”

“काय विचारतात?”

“ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस.”

“बाबा, ते सर आहेत. तुम्ही त्यांच्याकडे जेवलेले आहात. ईदला.”

“जेवलोय. माणूस चांगलाच आहे. मी कुठं वाईट म्हणतोय?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दिसत असतं तर वेगळी गोष्ट होती. तिला दिसत नाही, म्हणून मला बघावं लागतं.”

त्या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर होते. मी ते दिलेही, मुद्देसूद, एकामागून एक. वडील शांतपणे ऐकत राहिले. माझे बोलणे संपल्यावर ते म्हणाले, “झालं?” आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आत्याला मी जे होते ते सांगितले. तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. 

“तू त्याच्याशी भांडू नकोस,” ती म्हणाली. “मी भांडले तर तो म्हणेल, नीट चालत नाहीये, चल घरी. आणि त्याच्या घरी सर कधीच येणार नाहीत.”

“मग?”

“मग तुझं ते बटण दुरुस्त होऊ दे.”

म्हणजे सगळे माझ्यावरच येऊन थांबले होते, आणि मी एका अनोळखी कंपनीच्या यादीवर. मी पाठपुरावा सोडला नाही. आमच्या क्षेत्रातल्या एका परिषदेत मला बोलायचे होते. त्यात नाव न घेता मी हे उदाहरण मांडले. लोकांनी टिपणे घेतली. चहाच्या वेळी एकजण येऊन म्हणाला, “फारच प्रभावी केस आहे.” मला क्षणभर बरे वाटले आणि मग अजिबात वाटले नाही.

उन्हाळा संपता संपता दुरुस्ती आली. मी आत्याच्या फोनवर ॲप नव्याने उघडून तपासले. एका बटणाचे नाव ‘आत येऊ द्या’, दुसऱ्याचे ‘नको’. घंटा सौम्य झाली होती, वेळही वाढवला होता. माझ्या कळवण्यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्यांनी केल्या होत्या. माझ्या व्यवसायात इतके सहसा मिळत नाही.

मी सेक्रेटरींकडे गेले आणि आत्याचा नंबर परत लावायला सांगितले. ते अडखळले. “आता सुरळीत चाललंय ना, मॅडम? तुमच्या वडिलांना विचारून घेतो.” वडील म्हणाले, माझा नंबर काढायचा नाही, तिला काही झाले, रुग्णवाहिका आली, तर कोण दार उघडेल? हा युक्तिवाद खोटा नव्हता. शेवटी तडजोड झाली. दोन्ही नंबर ठेवायचे. घंटा दोघांच्याही फोनवर वाजेल. जो आधी उत्तर देईल त्याचे खरे. मी ती मान्य केली. कागदावर आत्याला तिचा अधिकार परत मिळाला होता.

आत्याने स्वतः सरांना फोन लावला. तिने बोलावले आहे, एवढेच सांगितले. सर आधी गुडघ्यांचे कारण देत होते. ती म्हणाली, “कोडं आणा. सोपं आणू नका.” त्या गुरुवारी मी रजा घेऊन तिच्याकडे गेले. माझ्यासाठीही घंटा वाजली होती आणि वडिलांनीच मला सोडले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवे होते. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. फोन मांडीवर घेऊन ती खिडकीपाशी बसली. चहाचे आधण मी चढवले होते.

घंटा वाजली. आत्याचे बोट पडद्यावर उतरले. फोन बोलू लागला. आधी सोसायटीचे नाव, मग विंग, मग फ्लॅट, मग ‘पाहुणा’, मग सरांचे नाव सुरू झाले. ते अर्ध्यावर असतानाच आवाज तुटला आणि फोन म्हणाला, “विनंती नाकारली गेली.”

मला लगेच उमगले. डोळा पडद्यावर पडला की छायाचित्र आणि हिरवे-लाल एकदमच दिसते. कानाला रांगेतूनच जावे लागते, एकेका शब्दामागून. वडिलांना सगळे समजायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आत्याच्या फोनने सोसायटीचे नावही संपवलेले नसते. आत्याने न ऐकता अंदाजाने दाबायचे म्हटले, तर मग कोण आले हे न कळताच दार उघडायचे. बटणे निर्दोष होती, आणि या शर्यतीत आत्या कधीच जिंकणार नव्हती.

मी धावत खाली गेले. सर फाटकाबाहेर उभे होते, हातात कापडी पिशवी. मी वॉचमनला म्हणाले, यांना आत घ्या, मी सांगते.

“मॅडम, लाल आलंय,” तो कळवळून म्हणाला. नवाच माणूस होता. “तुम्ही इथल्या असता तर घेतलं असतं. तुमची पण व्हिजिटरचीच एंट्री हाय.”

“काकूंना दिसत नाही हो. त्यांनीच बोलावलंय यांना.”

“माझी नोकरी जाईल, मॅडम.”

सर मधे पडले. “राहू दे बाळ. त्याला कशाला त्रास?” त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, उघडला, पुन्हा घडी केली. “हे तुझ्याकडे देऊन उपयोग नाही. तुला सांगता यायचं नाही.”

“मी आत्याला खाली घेऊन येते.”

“नको,” ते झटकन म्हणाले. मग हळू आवाजात, “फाटकावर उभं नको करू तिला. बघतील सगळे.”

त्यांनी रिक्षाला हात केला. मी वर आले तेव्हा आधण आटून गेले होते आणि आत्याने गॅस बंद केलेला होता.  रिक्षा वळताना खिडकीतून तिला ऐकू आली असावी.

आत्याने फोनवर बोट फिरवत ते ॲप शोधले आणि त्याच्या खुणेवर बोट दाबून धरले. फोनने स्वच्छ सांगितले, “काढून टाका. बटण.” तिने दोनदा टकटक केली. “खात्री आहे का?” फोनने विचारले. “होय. बटण.” पुन्हा दोनदा.

“आत्या, हे काढलंस तर सगळंच बाबांकडे जाईल.”

“आहेच की,” ती म्हणाली. “निदान वाजणार तरी नाही.”

 पुढच्या गुरुवारी काय करायचे हे तिने मला विचारले असते, तर ते मला सांगता आले नसते. तिने विचारले नाही. भांड्यात नवे पाणी घालून ती म्हणाली, “आता दोघींपुरताच टाकते,” आणि चहाच्या डब्याकडे हात नेला.